पाहुण्यांच्या खोलीतलं पोळं

जरा डोळे मीट पाहू. मीट म्हणजे अगदी घट्ट, पापण्यांच्या फटीतून बघायचं नाही. आता असं समज, की तुला नुकतीच जाग आली आहे आणि पांघरुणाबाहेर तुझं फक्त नाक आहे. ते नाक इतकं गार पडलंय, की तुला ते तुझं वाटतच नाही. श्वास सोडलास की तोंडातून वाफ निघते. खिडकीच्या काचेवर बर्फाची पानं उमटली आहेत, आणि ती बाहेरच्या बाजूने नाहीत, आतल्या बाजूने आहेत. आता तुला पाय खाली ठेवायचा आहे. ठेवलास?

नाही ना ठेववत? सेलवीलाही ठेववायचा नाही. ती आधी एका पायाचा अंगठा टेकवून बघायची, ‘हाय’ करून वर ओढायची, आणि स्वयंपाकघरातून आईची रागाची हाक आली की डोळे मिटून दोन्ही पाय एकदम जमिनीवर टाकायची.

सेलवी तुर्कस्तानातल्या आमच्या एर्झुरुम गावची. तिसरीत होती. तिच्या इमारतीला तीनच मजले, आणि प्रत्येक मजल्यावर एकच घर. खाली एक तरुण जोडपं राहायचं, त्यांना नुकती जुळी झालेली. मधल्या मजल्यावर सेलवी, तिचे बाबा इदरिस आणि आई हमीयेत. आणि वर, छपराखाली, नियाझी देदे एकटेच. देदे म्हणजे आजोबा. ते सेलवीचे नात्याने कुणी नव्हते, पण सगळी गल्ली त्यांना देदेच म्हणायची.

आमच्याकडे थंडी ऑक्टोबरात येते आणि एप्रिलपर्यंत उठायचं नाव घेत नाही. म्हणून प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीवर गॅसचा एक बॉयलर टांगलेला असतो. त्यात पाणी तापतं आणि नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं. खिडकीखाली लोखंडी पत्र्याचा, कप्प्याकप्प्यांचा एक रेडिएटर असतो, त्यात ते गरम पाणी खेळतं. त्या कप्प्यांमुळे इथली माणसं त्याला पोळं म्हणतात. मधाचं असतं ना, तसं. फक्त यात मधाऐवजी ऊब साठते, आणि मधमाश्यांऐवजी गॅसकंपनी चावते.

हे शेवटचं वाक्य सेलवीच्या बाबांचं. ते मिनीबस चालवायचे, आणि दिवसभर उतारूंशी बोलून बोलून त्यांना असली वाक्यं सुचायची. पण त्या वाक्यामागे एक गोष्ट होती. मागच्या हिवाळ्यात त्यांचं बिल थकलं होतं. ऐन फेब्रुवारीत कंपनीचा माणूस आला, चहा नको म्हणाला, कुणाच्या डोळ्यांत न बघता गॅस तोडून मीटरला शिक्का मारला आणि गेला. सेलवी आणि आई ओल्तूला गुलिझार आत्याकडे जाऊन राहिल्या. बाबा घरातच राहिले, ओव्हरकोट घालून झोपायचे. त्यानंतर बाबांनी ठरवलं, की पुन्हा ती वेळ येऊ द्यायची नाही.

या वर्षी त्यांनी घराची नाकेबंदीच केली. खिडक्यांवर जाड प्लास्टिक ताणून चिकटवलं. पोळ्यांच्या मागे भिंतीला चकचकीत चांदीचा कागद लावला, म्हणजे ऊब भिंतीत न शिरता खोलीत परत यावी. जुन्या पँटचे पाय कापून त्यात वाळू भरली आणि ते लांबलचक सोटे दारांच्या फटींशी ठेवले. सगळ्यांनी एकाच खोलीत राहायचं, तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, कपडेही तिथेच दोरीवर वाळत घालायचे. एका खोलीत एक दिवा. बाकीच्या खोल्यांतलं एकेक पोळं बंद.

“झालं?” प्लास्टिक चिकटवणाऱ्या बाबांकडे बघत आई म्हणाली. “का आता मलाही गुंडाळणार आहेस?”

“तुझ्यातून ऊब गळत असेल तर गुंडाळतो.”

“माझ्यातून वाफ निघते, इदरिस. तुझ्याकडे बघून निघते.”

“मग तोंड खोलीकडे करून सोड. वाया कशाला घालवायची?”

“ऐकलंस ना, सेलवी? तुझे बाबा गॅसमंत्री झालेत. उद्यापासून श्वास घ्यायलाही अर्ज करायचा.”

बाबा हसले, पण त्यांनी दाराजवळचा सोटा पायाने पुन्हा फटीशी सरकवला.

एका बाबतीत मात्र गॅसमंत्र्यांचंही काही चालायचं नाही. पाहुणा आला, की पाहुण्यांच्या खोलीतलं पोळं उघडायचं. ती घरातली सगळ्यात चांगली खोली. लेसचे पडदे, काचेच्या कपाटात ठेवलेले नक्षीचे पेले, कुणी न बसल्याने नवाच राहिलेला सोफा. घरातली माणसं एकमेकांना चिकटून कुडकुडत असतील तरी चालेल, पण पाहुण्याने कोट अंगावर ठेवून बसायचं म्हणजे घराची नाचक्की. डिसेंबरात गुलिझार आत्या आली तेव्हा बाबांनी न सांगता जाऊन पोळं उघडलं. नळ्या टकटक वाजायला लागल्या, तासाभरात खोली उबली. चहा झाल्यावर आत्या रिकामा पेला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. आई धावली.

“आपा, ठेवा तो पेला! ठेवा म्हणते ना!”

“अगं, एक पेला तर आहे.”

“एक असो नाही तर अर्धा. पाहुण्याने आमच्याकडे पेला विसळायचा नाही.”

नंतर सेलवीने विचारलं, “का पण?”

“जो पेला विसळतो तो घरचा होतो,” आई म्हणाली. “मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा आठवडाभर तुझी आजी मला नुसती बसवून ठेवायची. मग एका सकाळी मी उठले, तिच्या आधी स्वयंपाकघरात गेले आणि सगळे पेले धुऊन टाकले. त्या दिवसापासून माझी पाहुणचाराची खुर्ची गेली ती गेलीच.”

“तुला वाईट वाटलं?”

“वाईट? अगं, तोवर मला त्या घरात शिंकायची चोरी होती.”

सेलवीची शाळा दुपारी सुटायची. आई पडदे शिवायच्या दुकानात कामाला होती, ती संध्याकाळी यायची. मधला वेळ सेलवी वर देदेंकडे काढायची. देदेंनी आयुष्यभर ओल्तूच्या काळ्या दगडाच्या जपमाळा केल्या होत्या. दुकान केव्हाच विकलं, पण घरी एका डब्यात मणी होते, आणि सेलवी गेली की ते डबा उघडायचे.

“या, पाहुणीबाई,” दार उघडताना ते रोज म्हणायचे. “कोट इथे. टोपी इथे. आणि स्वेटरही काढ बघू, नाहीतर जाताना गारठशील.”

देदेंची बसायची खोली छान उबदार असायची. सेलवी पोळ्याला पाठ टेकून बसायची, गृहपाठ करायची, मग मणी ओवायची. देदे गालात साखरेचा खडा धरून त्यावरून कोरा चहा पीत बसायचे आणि तिला चांगला मणी कसा ओळखायचा ते शिकवायचे. मणी लोकरीवर घासायचा आणि कागदाच्या कपट्याजवळ न्यायचा. कपटा उडून चिकटला की दगड खरा. सेलवीच्या बोटांना हे पटकन यायचं. देदेंची बोटं हल्ली जरा अडखळायची, मणी सुटून गालिच्यावर पडायचे. ते हसून म्हणायचे, “बोटं म्हातारी झाली, मणी अजून पोरगेच आहेत. पळतात.”

एका संध्याकाळी जेवताना सेलवी म्हणाली, “देदेंकडे इतकं गरम असतं, मी स्वेटरसुद्धा काढते.”

बाबांचा चमचा हवेतच थांबला. “स्वेटर काढतेस?”

“हो. रोज.”

“हमीयेत, ऐकलंस? वर धग, खाली जुळ्यांची धग. आपण म्हणजे बोरेकच्या पापुद्र्यांमधलं पनीर! वरून पापुद्रा गरम, खालून पापुद्रा गरम. पनीरला वेगळी भट्टी कशाला हवी?” आणि त्यांनी उठून त्या एका खोलीतलं पोळंही निम्मं बंद केलं. “देव त्या जुळ्यांना उदंड आयुष्य देवो. फक्त लवकर मोठं करू नको म्हणावं.”

जानेवारीचं बिल आलं तेव्हा बाबांनी ते दिव्याखाली धरून वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि बाहेर काढून पुन्हा वाचलं. बऱ्याच दिवसांनी ते शीळ घालत झोपले.

सेलवीला बाबांबरोबर मिनीबसमध्ये पुढे बसायला फार आवडायचं. रविवारी गर्दी नसली की ते तिला एक फेरी मारून आणायचे. जाता जाता ते रस्त्याकडे कमी आणि छपरांकडे जास्त बघायचे. आमच्याकडे छपराच्या कडेला बर्फाचे सुळे लटकतात. कुठे बोटाएवढे, कुठे माणसाएवढे.

“ते बघ, ते पिवळं घर! नोटा लटकल्यात नोटा!” बाबा स्टिअरिंगवरून बोट उचलून दाखवायचे.

“नोटा कुठायत? बर्फ आहे.”

“घरातली ऊब छपरातून वर पळते. छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी कडेपर्यंत येतं आणि तिथे पुन्हा गोठतं. जेवढा सुळा लांब, तेवढी ऊब पळाली. त्या माणसाने नोटा जाळून आकाश तापवलंय, पोरी.”

“आणि ते? तिथे एकही सुळा नाही.”

“तो हुशार. छपराला गोधडी घातलीय त्याने. नाहीतर मग...” बाबांनी गिअर बदलला. “नाहीतर मग घरात कुणी राहत नसेल.”

असं बाबांनी सगळं गाव तपासलं. आपल्या स्वतःच्या इमारतीचं छप्पर तेवढं राहिलं. रोज ते अंधारात घराबाहेर पडायचे, अंधारात परत यायचे, आणि रविवारी सेलवीला कोपऱ्यावरूनच घ्यायचे.

फेब्रुवारीत एकदा इतका बर्फ पडला, की शाळांना सुट्टी जाहीर झाली. सकाळी आईने सेलवीला पाव आणायला पाठवलं. ऊन पडलं होतं, सगळं इतकं पांढरं की डोळे मिटावे लागत होते. बेकरी समोरच्या बाजूला. गरम पाव कोटाच्या आत पोटाशी धरून सेलवी बाहेर आली, आणि बाबांची सवय लागलेली म्हणून तिने वर बघितलं.

शेजारच्या इमारतीला सुळ्यांची झालर लागली होती. त्याच्या पलीकडच्या इमारतीलाही. त्यांच्या इमारतीच्या छपरावर मात्र बर्फ जाड, गुबगुबीत, कुणी न विस्कटलेल्या गादीसारखा पडून होता. कड कोरडी. फक्त एका खिडकीच्या वर, देदेंच्या बसायच्या खोलीवर, करंगळीएवढे चार-दोन सुळे होते.

सेलवीला आधी आनंदच झाला. देदे हुशार! बाबांपेक्षाही हुशार! छपराला गोधडी घातली आणि कुणाला सांगितलंही नाही. ही युक्ती बाबांना कळली तर ते उडीच मारतील. ती दोन दोन पायऱ्या एकदम चढत, आपलं घर ओलांडून थेट वर गेली आणि तिने दार ठोठावलं.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग चपलांचा आवाज आला आणि दार उघडलं.

देदेंनी ओव्हरकोट घातला होता. डोक्यावर लोकरी टोपी, तिच्यावरून त्यांच्या गेलेल्या बायकोची जाड लोकरी शाल. ते बोलले तेव्हा तोंडातून वाफ आली.

“सेलवी? आत्ता? शाळा...” आणि लगेच ते वळले. “ये, ये. बस. आलो मी. पाहुणीबाई आली, आणि बघ, मी असा...” ते घाईघाईने स्वयंपाकघरात गेले. बॉयलरचं बटण फिरल्याचा आवाज झाला. फुस्स करून ज्योत पेटली. मग नळ्या टकटक वाजायला लागल्या.

सेलवी उंबऱ्यातच उभी होती. तिच्या कोटातला पाव तेवढा गरम होता. बसायच्या खोलीत देदेंची खुर्ची खिडकीतल्या उन्हाच्या तुकड्यात ओढलेली होती. टेबलावर सकाळचा चहाचा पेला होता, तळाशी उरलेल्या चहावर पातळ पापुद्रा धरलेला. तिने बोट लावलं. बर्फ होता.

“देदे, तुम्ही रोज...” ती म्हणाली, आणि पुढे काय विचारायचं ते तिला कळेना.

“रोज कुठे? आज जरा पेटवायला उशीर झाला. म्हातारा माणूस, विसरतो.” ते हात चोळत होते. बोटांची टोकं पांढरी पडली होती. “खालची जमीन यंदा जरा गार आहे. तुमच्याकडून पूर्वी छान ऊब यायची, मला थोडंसंच पेटवलं तरी पुरायचं. आता ती नुसती ऊब गिळते, कितीही पेटवा. म्हणून मी आपला ऊन असतं तोवर ऊन घेतो. मग तू यायच्या वेळी...” ते थांबले. “बाबांना सांगू नकोस हं. त्यांना उगीच लागेल.”

सेलवीने मान हलवली. पण मान हलवताना तिला आठवलं, की स्वेटर काढते असं बाबांना सांगणारी तीच होती.

तिने सांगितलं. किती वेळ सांगितलं नाही तर चाललं असतं, ते मला माहीत नाही. तिला संध्याकाळपर्यंतच जमलं. दोरीवरच्या ओल्या कपड्यांखाली बसून मसुराचं सूप पिताना ती एकदम रडायलाच लागली, आणि रडता रडता सगळं बोलली. सुळे, शाल, पेल्यातला बर्फ.

बाबा उठून पाहुण्यांच्या खोलीत गेले. ती खोली देदेंच्या बसायच्या खोलीच्या बरोबर खाली होती. अंधारातच खुर्चीवर चढून त्यांनी छतावर हात ठेवला, आणि खाली उतरून परत आले.

“मी सगळ्या गावाची छपरं बघत फिरलो,” ते म्हणाले.

“त्यांना खाली आण,” आई म्हणाली. “आपल्याकडेच बसू देत दिवसभर.”

“इथे? तुझ्या वाळत घातलेल्या कपड्यांखाली? अंथरुणांवर?”

आईने वर बघितलं. तिचा परकर, बाबांच्या लांब चड्ड्या, सेलवीचे मोजे. ती लाल झाली. “नाही. इथे कसं? पाहुण्यांच्या खोलीत.”

“म्हणजे पोळं उघडायचं.”

“मग उघडायचं.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी फेरी चुकवली आणि ते देदेंना बोलवायला गेले. देदे दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून आले. आईने केते, म्हणजे लोणी घातलेले गरम पाव, भाजले होते, वर लोणी पाघळत होतं. नक्षीचे पेले काढले. देदे नव्या सोफ्याच्या अगदी कडेला बसले. खोली उबायला लागली आणि सेलवीला वाटलं, झालं, सुटलं सगळं.

मग नळ्या टकटक वाजायला लागल्या. देदेंनी कान टवकारले.

“इदरिस, हे माझ्यासाठी पेटवलंस का रे?”

“छे छे, देदे. आम्ही इथेच तर बसतो.”

देदेंनी सोफ्याकडे बघितलं. त्याच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. “बंद कर, पोरा. मी काय पाहुणा आहे?”

“पाहुणेच. तुमची जागा आमच्या डोक्यावर.”

“तिथेच तर राहतो मी, बाळा. तुमच्या डोक्यावर.”

सगळे हसले. देदेही हसले. पण त्यांनी एकच पेला चहा घेतला, आईने दुसरा भरायच्या आत ‘पुरे’ म्हणून त्यावर चमचा आडवा ठेवला, आणि काहीतरी काम आठवलं म्हणून उठले. दाराशी त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. “हमीयेतच्या हातांना अशीच चव राहो. पण पुन्हा बोलवू नकोस, इदरिस. मला तुझं पोळं ऐकू येतं.”

ते पुन्हा आले नाहीत. बाबा बोलवायला गेले, की ते दार अर्धंच उघडायचे आणि म्हणायचे, आज पाय दुखतो.

मग बाबांनी दुसरी युक्ती केली. देदे येत नाहीत ना, नको येऊ देत. खालून पोळं उघडलं की त्यांची जमीन आपोआप कोमट होईल. त्यांनी गुपचूप पाहुण्यांच्या खोलीतलं पोळं उघडलं आणि तिघं दाराशी उभे राहून वाट बघू लागले. नळ्या तापल्या. टक. टकटक. तो आवाज भिंतीतून वर गेला.

वरून काठी आपटली. ठक, ठक, ठक.

“काय म्हणतायत?” सेलवीने विचारलं.

बाबांनी खाली वाकून पोळं बंद केलं. थोड्या वेळाने उघडलं. ठक, ठक, ठक. आई भिंतीला टेकली. बाबांनी तोंड वर करून छताकडे ओरडून सांगितलं, “देदे, पाइप साफ करतोय!” वरून पुन्हा ठक, ठक, ठक, आणि त्यानंतर बारीक खोकल्याचा आवाज.

सकाळी जिन्यात बाबांना देदे भेटले. ते म्हणाले, “माझा मुलगा रोज फोन करतो, मर्सिनला या म्हणून. समुद्र आहे, संत्री आहेत, थंडी नाही. मी गेलो होतो ना एकदा. बाल्कनीत बसून बसून बोलायचं विसरलो. तिथे मला कुणी ओळखत नाही, इदरिस. पण तू पोळं उघडायला लागलास, तर मला जावंच लागेल. तुझ्या मीटरवर पुन्हा शिक्का बसलेला मी नाही बघू शकत.”

बाबांच्या हातात किल्ल्या होत्या, त्या ते नुसत्या फिरवत राहिले.

त्या संध्याकाळी आईबाबा हळू आवाजात बोलत होते. सेलवी गोधडीत होती, पण जागी.

“सेलवीला तरी वर पाठवू नको,” बाबा म्हणाले. “तिच्यासाठी पेटवतात ते.”

“तिच्यासाठी म्हणून तेवढा वेळ तरी पेटवतात! ती गेली नाही तर तोही नाही पेटवणार. दिवसभर तसेच बसतील.”

“आणि ती गेली की त्यांचं बिल.”

“मग मी काम सोडू का? घरी बसू पोरीजवळ? मग आपलं बिल कुठून देणार?”

बाबांनी दाराजवळचा सोटा पायाने फटीशी सरकवला. आई म्हणाली, “तू सांग ना. तू एवढे सोटे शिवलेस, कागद लावलेस. याला काही नाहीये तुझ्याकडे?”

“नाहीये,” बाबा म्हणाले. “मी पनीर म्हणालो होतो, हमीयेत. पनीर. पापुद्रा कुठून येतो ते नाही बघितलं.”

गोधडीत सेलवी पाय पोटाशी घेऊन विचार करत होती. देदे खाली आले की ते पाहुणे, आणि इथे पोळं उघडावं लागतं. ती वर गेली की ती पाहुणी, आणि तिथे पोळं उघडावं लागतं. कुणीही कुणाकडे गेलं तरी बटण फिरतंच. तिने हे उलटसुलट करून बघितलं. कुठूनही सुटेना. मोठ्यांनाही सुटत नव्हतं, हे तर तिने आत्ताच कानांनी ऐकलं होतं. मोठ्या माणसांनाही एखादी गोष्ट जमत नाही, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. तिने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती नेहमीसारखी वर गेली. दार ठोठावलं.

“या, पाहुणीबाई,” देदे म्हणाले. आज त्यांचा आवाज बसलेला होता. शाल घाईने काढून खुर्चीमागे टाकलेली दिसत होती. “कोट इथे. टोपी इथे. जरा थांब हं, आत्ता पेटवतो, आज जरा...”

सेलवीने टोपी काढली नाही. कोटही काढला नाही. ती देदेंच्या बाजूने पुढे सरकली आणि त्यांच्या आधी स्वयंपाकघरात शिरली. दगडी मोरीत सकाळचा पेला पडला होता. शेजारी भिंतीवर बॉयलर, त्याचं बटण बंद. तिने कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि नळ सोडला.

पाणी इतकं गार होतं, की पहिल्यांदा ते तिला गरमच वाटलं. मग बोटांत सुया टोचायला लागल्या.

“अगं, अगं! काय करतेस?” देदे दाराशी आले. त्यांचा हात बटणाकडे गेला होता. “ठेव तो पेला. पाहुण्याने कधी...”

ते मधेच थांबले. हातही तिथेच थांबला, बटणाच्या जरासा अलीकडे.

सेलवीने वळून बघितलं नाही. ओठ दाताखाली धरून तिने पेला आतून धुतला, बाहेरून धुतला, उजेडाकडे धरून बघितला आणि फडक्यावर उपडा ठेवला. मोरीत दुसरं काही नव्हतं. मग तिने टाचा उंचावून फळीवरचा दुसरा पेला खाली घेतला. तो स्वच्छच होता. तिने तोही नळाखाली धरला. “खाली आमच्या मोरीतही पेले पडलेत, देदे,” ती म्हणाली, “ते तुम्ही विसळा.”